लहान नौकेचा मोठा धडा

डिसेंबरची ४ तारीख भारतात नौदल दिन म्हणून पाळली जाते. सन २०२३ साली हा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, मालवणजवळच्या तारकर्ली किनाऱ्यावर साजरा झाला, तेव्हा आपल्या बेटावरील अनेक मराठी घरांत त्याची चर्चा झाली. तसे होणे साहजिकच होते. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा त्याच कोकणातून, रत्नागिरीच्या आणि सावंतवाडीच्या खेड्यांतून, या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला आले. त्या किनाऱ्याचे नाव कानी पडले की आपले मन अजूनही तिकडे ओढ घेते.

परंतु ४ डिसेंबर हीच तारीख का, असे मुलांनी विचारले तर आपण काय सांगतो? बहुतेक वेळा एवढेच सांगतो की, सन १९७१ च्या युद्धात त्या रात्री भारताच्या लहान क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदर पेटवून दिले. मुले टाळ्या वाजवतात आणि गोष्ट संपते. आमच्या मते ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी अधिक मोलाची आहे, आणि लहान बेटावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ती अवश्य समजून घेतली पाहिजे. म्हणून आज त्या नौकांविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

या नौका मूळच्या सोव्हिएत रशियाच्या. त्यांना ‘ओसा’ म्हणत. रशियन भाषेत ओसा म्हणजे गांधीलमाशी. नाव अगदी शोभण्यासारखे होते. नौकेची लांबी चाळीस मीटरांहूनही कमी, वजन सुमारे २०० टन, आणि तिच्यावर माणसे जेमतेम तीस. वेग मात्र ताशी ३५ समुद्री मैलांच्या वर. पाठीवर चार मोठ्या पेट्या आणि प्रत्येक पेटीत एक क्षेपणास्त्र. एकेका क्षेपणास्त्राचे वजन दोन टनांहून अधिक, त्यात सुमारे अर्धा टन स्फोटक, आणि मारा सुमारे ४० किलोमीटरपर्यंत. पूर्वी एवढा प्रहार करायला हजारो टनांची, शेकडो खलाशांची आणि अवजड तोफांची युद्धनौका लागत असे. आता तेच काम एखाद्या मोठ्या मासेमारी जहाजाएवढी नौका करू लागली.

जगाला याची पहिली जाणीव २१ ऑक्टोबर १९६७ रोजी झाली. त्या दिवशी इजिप्तच्या पोर्ट सैदसमोर इस्रायलची ‘एलात’ नावाची विनाशिका फिरत होती. बंदरातील ‘कोमार’ जातीच्या नौकांनी तिच्यावर क्षेपणास्त्रे सोडली. कोमार म्हणजे डास. ही जात ओसाहूनही लहान असून तिच्यावर दोनच क्षेपणास्त्रे असत. एलात बुडाली आणि तिच्यावरील ४७ माणसे प्राणास मुकली. एका जहाजाने सोडलेल्या क्षेपणास्त्राने दुसरे जहाज बुडाल्याची ही पहिलीच घटना. त्यानंतर लहानमोठ्या सर्व देशांच्या नौदलांना आपले पाढे नव्याने गिरवावे लागले.

भारताने अशा आठ ओसा नौका घेतल्या. विनाश, विद्युत, विजेता, वीर, निर्घात, निपात, नाशक आणि निर्भीक ही त्यांची नावे. ती वाचताच आपल्याला त्यांचा अर्थ कळतो, कारण हे सारे शब्द आपल्या मराठीतही आहेत. या नौका चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना शिकण्यासाठी रशियाच्या पूर्व टोकाला, व्लादिव्होस्तोक येथे पाठवले होते. मुंबई, मद्रास, पंजाब अशा ठिकाणची ही मुले तेथील कडाक्याच्या थंडीत राहिली, आधी रशियन भाषा शिकली आणि मग त्या भाषेतून यंत्रे, रडार आणि क्षेपणास्त्रे यांची विद्या शिकली. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. पुढे कराचीच्या मोहिमेत याच माणसांनी बिनतारी यंत्रावर आपसांत रशियन भाषेत बोलणे केले, म्हणजे ऐकणाऱ्या शत्रूला काही उमज पडू नये. आणखी एक भाषा शिकून काय मिळणार, असा प्रश्न आपल्या मराठीच्या वर्गाबद्दल आम्हांला वारंवार विचारला जातो. विद्या केव्हा आणि कोठे उपयोगी पडेल हे शिकताना कोणालाच ठाऊक नसते, एवढेच त्यावर आमचे उत्तर आहे.

या नौका भारतात आल्या त्याही मोठ्या मालवाहू जहाजांवर चढून. एवढे वजन उचलून उतरवण्याची सोय तेव्हा मुंबई बंदरात नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तेथून दोरखंडाने ओढत, साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून, मुंबईला आणल्या. आता यात एक मोठी अडचण दडलेली होती. ओसा नौका बांधली होती ती स्वतःच्या बंदराच्या राखणीसाठी. दाराशी बसावे, शत्रू जवळ आला की धावून जावे, डंख मारावा आणि परत यावे, हे तिचे काम. तिच्यात तेल थोडे मावते. खवळलेल्या दर्यात तिचे हाल होतात. विमाने आली तर तिच्याजवळ दोन लहान तोफांखेरीज बचावाचे साधन नाही. मग अशी नौका मुंबईहून शेकडो मैल दूर असलेल्या कराचीवर कशी न्यायची?

येथेच माणसाची बुद्धी कामाला आली. कलकत्त्याहून मुंबईला येताना जी नौका ओढून आणता आली, ती पश्चिमेकडेही ओढून नेता येईल, असे नौदलातील जाणत्यांनी ताडले. त्यामुळे तेल वाचेल, इंजिनेही वाचतील. त्या वेळी नौदलाचे प्रमुख अॅडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा होते. त्यांचे बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर गेले होते, तेव्हा तो किनारा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. राखणदार नौकेलाच चढाईवर न्यायचे, असा निर्णय त्यांनी घेतला आणि पश्चिम विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कोहली यांच्याकडे मोहिमेची जबाबदारी आली.

निर्घात, निपात आणि वीर या तीन नौका निवडल्या गेल्या. त्यांच्या सोबत किलतान आणि कच्छल या दोन मोठ्या युद्धनौका व तेल पुरवणारे ‘पोषक’ हे जहाज दिले. तुकडीचे प्रमुख कमांडर बबरू भान यादव होते. ४ डिसेंबरचा सारा दिवस हा ताफा कराचीच्या दक्षिणेला सुमारे २५० समुद्री मैलांवर, शत्रूच्या टेहळणी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबला. त्या काळी पाकिस्तानच्या विमानांना रात्री समुद्रावरील नौका शोधून मारणे कठीण होते, म्हणून अंधार पडल्यावर पुढे जायचे आणि उजाडण्याआधी दूर निघून यायचे, असा हिशेब केला होता.

रात्री पावणेअकराच्या सुमारास निर्घातने पहिले क्षेपणास्त्र सोडले. समोर ‘खैबर’ ही विनाशिका होती. आकाशातून येणारा तो प्रकाश म्हणजे विमानच, असे तिच्यावरील लोकांना वाटले. विमानाने हल्ला केल्याचा संदेशही त्यांनी धाडला. दुसऱ्या क्षेपणास्त्राने खैबर बुडाली. निपातने ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाज बुडवले आणि ‘शाहजहान’ या विनाशिकेची मोडतोड केली. वीरने ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. निपातने आणखी एक क्षेपणास्त्र किमारीच्या तेलाच्या टाक्यांच्या दिशेने सोडले. दोनएक तासांच्या आत सारे आटोपले आणि तिन्ही नौका एकही माणूस न गमावता परतल्या. ८ डिसेंबरच्या रात्री, खवळलेल्या समुद्रात, एकट्या विनाश नौकेने त्रिशूल आणि तलवार या युद्धनौकांच्या सोबतीने पुन्हा कराचीवर चाल केली. त्या वेळी मात्र किमारीच्या टाक्यांनी मोठा पेट घेतला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हा विजय कशाचा? क्षेपणास्त्राचा, असे म्हणणे सोपे आहे. पण तीच नौका आणि तेच क्षेपणास्त्र तेव्हा इतर देशांजवळही होते. भारताच्या बाजूला जे अधिक होते ते असे : कित्येक महिन्यांचा अभ्यास, नौकेच्या उणिवांची पुरी जाण, त्या उणिवा भरून काढण्याची युक्ती आणि थोरल्या जहाजांची साथ. पोषक जहाजाने तेल दिले नसते, तर निर्घातची क्षेपणास्त्रे पेटीतच राहिली असती. पोषकचे नाव मात्र कोणी घेत नाही. आपल्या मंडळांत आणि संस्थांतही असेच घडते. व्यासपीठावरच्या माणसाला हार पडतो आणि सतरंज्या अंथरणारा विसरला जातो. लहानाला मोठे काम करायचे असेल तर त्याला कोणाची तरी साथ लागते, आणि ती साथ मान्य करण्यात कमीपणा नाही.

लहान होड्यांची ही विद्या आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. सन १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची वाट अडवली. जहाजे मोठी, तोफा मोठ्या, पण सारी मदार वाऱ्यावर. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या अरुंद, उथळ तळाच्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारत त्यांच्या मधून निघून जात आणि बेटावर माणसे व रसद पोचवत. इंग्रजांची ‘डोव्हर’ नावाची गुराबही मराठ्यांच्या हाती लागली. शेवटी सन १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. खांदेरीच्या होडीत आणि निर्घात नौकेत तीनशे वर्षांचे अंतर आहे, यंत्राचेही तेवढेच अंतर आहे. पण आपली ताकद आणि आपली मर्यादा ओळखून रात्रीची वेळ साधावी, ही रीत एकच.

आता गोष्टीची दुसरी बाजू. खैबरवरील दोनशेहून अधिक खलाशी त्या रात्री बुडाले. मुहाफिजवरील ३३ जण गेले. तेही कोणाचे तरी मुलगे होते, कोणाच्या तरी घरी त्यांचीही वाट पाहिली जात होती. ८ डिसेंबरच्या हल्ल्यात पनामाच्या ध्वजाखाली चालणारे ‘गल्फ स्टार’ हे व्यापारी जहाज बुडाले आणि ‘हरमॅटन’ या ब्रिटिश जहाजाचे नुकसान झाले. या दोन जहाजांचे युद्धाशी काही देणेघेणे नव्हते. क्षेपणास्त्राला रडारवरचा ठिपका दिसतो, त्या ठिपक्याचा ध्वज दिसत नाही. भीती तर याहूनही आंधळी असते. ६ डिसेंबरला पाकिस्तानच्या विमानांनी आपल्याच नौदलाच्या ‘झुल्फिकार’ या युद्धनौकेला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर मारा केला.

भारतालाही किंमत द्यावी लागली. विनाश नौका कराचीहून परतली त्याच ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीवच्या किनाऱ्यावर खुकरीचे स्मारक उभे आहे. चार तारखेचा जयघोष करणाऱ्याने नऊ तारखेला मान खाली घालून उभे राहिले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

क्षेपणास्त्र हाती आले म्हणजे जय ठरलेलाच, असेही नाही. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, सीरियाच्या लाताकिया बंदरासमोर क्षेपणास्त्र नौकांचीच आपसांत लढाई झाली. सीरियाजवळ ओसा आणि कोमार होत्या, इस्रायलजवळ ‘सार’ जातीच्या नौका. इस्रायली क्षेपणास्त्राचा टप्पा रशियन क्षेपणास्त्राच्या निम्माच होता. पण एलात बुडाल्यापासून इस्रायलने सहा वर्षे एकाच प्रश्नाचा अभ्यास केला होता : येणाऱ्या क्षेपणास्त्राला फसवावे कसे? हवेत धातूच्या बारीक पट्ट्या उधळून आणि रडारच्या लहरींत गोंधळ माजवून त्यांनी सीरियाची सारी क्षेपणास्त्रे चुकवली आणि पाच नौका बुडवल्या. जे अस्त्र १९६७ मध्ये आणि १९७१ मध्ये अचूक ठरले, ते १९७३ मध्ये पाण्यात गेले. पुढे १९९१ च्या आखाती युद्धात तर ब्रिटिश हेलिकॉप्टरांनी इराकच्या अशाच वेगवान नौका एकामागून एक टिपल्या. गांधीलमाशीवरही झडप घालणारा पक्षी निघाला. शस्त्र जुने होते. शिकण्याची सवय जुनी होत नाही.

त्या आठ नौका केव्हाच सेवेतून निवृत्त झाल्या. सन १९८७ पासून भारताने त्यांच्या जागी दुप्पट वजनाच्या नव्या क्षेपणास्त्र नौका आणल्या आणि जुन्यांची कित्येक नावे त्यांना दिली. सुरुवातीच्या नौका रशियातून आल्या, पण नंतरच्या मुंबईच्या माझगाव गोदीत आणि गोव्याच्या गोदीत बांधल्या गेल्या. ज्या मुंबईत सन १९७१ साली अशी नौका जहाजावरून उतरवण्याची सोय नव्हती, त्याच मुंबईत वीस वर्षांत ती बांधली जाऊ लागली. कराचीच्या आगीपेक्षा ही गोष्ट आम्हांला अधिक अभिमानाची वाटते. ८ डिसेंबर २०२१ रोजी राष्ट्रपतींनी मुंबईत २२ व्या क्षेपणास्त्र नौका तुकडीला मानाचा ध्वज दिला, तो कराचीच्या पराक्रमाला पन्नास वर्षे झाली त्याच दिवसांत.

आता आपल्या बेटाकडे वळू. मॉरिशसला सैन्य नाही, क्षेपणास्त्र नौका नाहीत, आणि त्यांची आपल्याला गरजही नाही. आपला राष्ट्रीय तटरक्षक विभाग पोलीस दलाचाच एक भाग आहे. सन १९७४ मध्ये भारताने आपल्याला ‘अमर’ ही गस्ती नौका दिली. सन २०१५ मध्ये कलकत्त्याच्या गोदीत बांधलेली ‘बाराकुडा’ ही मोठी गस्ती नौका आपल्या ताफ्यात आली. त्यांचे काम मासेमारीची चोरी थांबवणे, अमली पदार्थांची ने-आण पकडणे आणि बुडत्याला वाचवणे हे आहे.

आपल्यावर संकट आले ते कोणत्याही युद्धनौकेतून आले नाही. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचे प्रचंड मालवाहू जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळ खडकांवर चढले. ते कोणी पाठवले नव्हते, कोणी शत्रू नव्हता. ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडू लागले आणि माहेबूरच्या किनाऱ्यावरचे पाणी काळे झाले. त्या वेळी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी असा भेद न करता बेटावरचे लोक धावले आणि उसाचा पाचोळा कापडात भरून, त्याचे लांब लांब बांध शिवून त्यांनी समुद्रात सोडले. ज्या उसासाठी आपले पूर्वज येथे आणले गेले, त्याच उसाचा पाचोळा आपल्या समुद्राच्या कामी आला. लहान साधन, साथीला अनेक हात, आणि प्रसंग ओळखून लढवलेली युक्ती. निर्घात नौकेचा खरा धडा तो हाच. आपण तो क्षेपणास्त्राशिवाय गिरवला.

म्हणून आई-वडिलांना आणि आमच्या शिक्षक बंधुभगिनींना आमचे सांगणे आहे. ४ डिसेंबरची गोष्ट मुलांना जरूर सांगा, अभिमानाने सांगा. पण ती पुरी सांगा. व्लादिव्होस्तोकच्या थंडीत रशियन शिकणाऱ्या खलाशाची सांगा, तेल पुरवणाऱ्या पोषकची सांगा, खैबरची आणि खुकरीचीही सांगा. आपल्या वर्गात एकाच बाकावर निरनिराळ्या धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. ती गोष्ट अशी सांगावी की, त्यांपैकी एकालाही मान खाली घालावी लागू नये. शौर्य सांगताना द्वेष शिकवावाच लागतो, असे नाही. तो आपोआप शिकवला जाऊ नये याची काळजी मात्र सांगणाऱ्यालाच घ्यावी लागते.

आणि मुलांनी विचारलेच की, आपल्या लहान बेटाने समुद्रासाठी काय करावे, तर त्यांना सांगा : समुद्र ओळखावा, पोहायला शिकावे, नकाशा वाचायला शिकावे, किनारा स्वच्छ ठेवावा. त्यांच्यापैकी एखादा किंवा एखादी उद्या तटरक्षक दलात जाईल, कोणी रडारसमोर बसेल, कोणी सागरी विज्ञान शिकेल. पुढचे वाकाशियो खडकावर चढण्याआधी ज्याच्या डोळ्यांना ते दिसेल, त्याचा पराक्रम कराचीच्या वीरांहून कमी नसेल, मग त्याच्या नावाने कोणी दिन पाळो अथवा न पाळो.